रंग सांगणारं ॲप नेमकं काय मोजतं, आणि त्याच्याकडून भरवशाचं उत्तर कसं मिळवायचं

एकाच पँटवर फोन धरला, तर रंग सांगणारं ॲप आधी ‘काळा’ म्हणतं, हात जरासा हलला की ‘गडद करडा’ म्हणतं आणि रात्री दिव्याखाली ‘तपकिरी’ म्हणतं. असं दोन-चारदा झालं की बरेच अंध वापरकर्ते ते ॲप फोनमधून काढून टाकतात. मला याचं वाईट वाटतं, कारण अशा वेळी ॲप बहुधा बिघडलेलं नसतं. त्या क्षणी कॅमेऱ्यात जे आलं, तेच त्यानं सांगितलेलं असतं. पँट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. कॅमेऱ्यात आलेला प्रकाश मोजायचा आणि त्या मोजमापाला जवळचं नाव द्यायचं, एवढंच त्याचं काम. मोजमाप कशावर अवलंबून असतं हे एकदा समजलं, की तेच ॲप रोजच्या उपयोगाचं होतं.

उजेड आणि वस्तू

वस्तूवर पडलेल्या प्रकाशातला काही भाग ती शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. लाल कापड प्रकाशातला लाल भाग परत पाठवतं, निळा-हिरवा बराचसा गिळून टाकतं. पण जे परत पाठवायचं ते मुळात उजेडात असायला हवं. तारेच्या जुन्या बल्बच्या उजेडात पिवळा-तांबडा भाग भरपूर असतो, निळा फार कमी. अशा उजेडात गडद निळा शर्ट ठेवला, तर परत पाठवण्याजोगं काही त्याच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही आणि तो काळ्यासारखा होतो. दिवसाच्या उजेडात निळा भाग पुरेसा असतो, म्हणून तोच शर्ट तिथे निळा ठरतो. उजेडाचा हा पिवळेपणा-निळेपणा केल्विनमध्ये मोजतात. तारेच्या बल्बचा आकडा सुमारे २७०० असतो, दिवसाच्या उजेडाचा सुमारे ५५०० ते ६५००. आकडा जितका लहान, तितका उजेड पिवळट.

कॅमेऱ्यात जे येतं, तो या दोन गोष्टींचा गुणाकार असतो : उजेडात काय होतं, आणि कापडानं त्यातलं किती परत पाठवलं. गुणाकाराचं उत्तर १२ आहे एवढंच सांगितलं, तर मूळ आकडे ३ आणि ४ होते की २ आणि ६, हे कुणालाच सांगता येणार नाही. पिवळ्या उजेडातला पांढरा कागद आणि पांढऱ्या उजेडातला पिवळा कागद कॅमेऱ्याला जवळजवळ सारखेच वाटतात, ते यामुळेच. रंग सांगणाऱ्या ॲपच्या बहुतेक चुकांचं मूळ या एका अडचणीत आहे.

डोळस माणसांनाही हीच अडचण असते, पण त्यांना ती जाणवत नाही. त्यांचा मेंदू आजूबाजूच्या वस्तू बघून उजेड कसा आहे याचा अंदाज बांधतो आणि तेवढं वजा करून टाकतो. म्हणून पिवळ्या दिव्याखालीही त्यांना पांढरा कागद पांढराच वाटतो. हा अंदाज कधी कधी फसतो. २०१५ च्या फेब्रुवारीत एका ड्रेसचा फोटो जगभर फिरला होता. प्रत्यक्षात तो ड्रेस निळा-काळा होता, पण फोटो बघणाऱ्या असंख्य लोकांना तो पांढरा-सोनेरी वाटला. एकाच घरातली माणसं त्यावरून हमरीतुमरीवर आली. फोटोत उजेडाचा नीट अंदाज येत नव्हता आणि ज्याच्या मेंदूनं जो उजेड गृहीत धरला, तसा त्याला रंग दिसला. तेव्हा ‘डोळसांना रंग अचूक कळतो आणि यंत्राला कळत नाही’ ही समजूत आपण सोडून दिलेली बरी. नेव्ही ब्लू आणि काळा यांत तेही रोज गोंधळतात.

कॅमेरा आपल्या बुद्धीनं काय करतो

फोनच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी कोट्यवधी सूक्ष्म ठाणी असतात. त्यांना स्वतःला रंग कळत नाही, प्रकाश कमी की जास्त एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक ठाण्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या, अशी ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट त्यांना १९७६ मध्ये मिळालं आणि आजही बहुतेक फोनमध्ये तिचाच एखादा प्रकार असतो. शेजारच्या ठाण्यांची बेरीज-वजाबाकी करून प्रत्येक बिंदूसाठी तीन आकडे तयार होतात : लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यामधला. तिन्ही ० म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा, तिन्ही सारखे पण मधले म्हणजे करडा.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण फोनचा कॅमेरा रंग मोजण्यासाठी बनवलेला नसतो. फोटो चांगला दिसावा, हे त्याचं उद्दिष्ट. त्यासाठी तो आपल्याला न विचारता दोन दुरुस्त्या करतो आणि आपलं काम नेमकं तिथेच बिघडतं.

पहिली दुरुस्ती उजळपणाची. समोरचं दृश्य फार अंधारं असेल तर कॅमेरा ते उजळ करतो, फार उजळ असेल तर दाबतो. सरासरी मध्यम करड्याच्या आसपास राहावी, असा त्याचा प्रयत्न असतो. माणसांच्या किंवा देखाव्याच्या फोटोसाठी हे उत्तम. पण आपण काळी पँट कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरतो, तेव्हा त्याला काळ्याशिवाय दुसरं काही दिसतच नाही. तो समजतो, इथे उजेड कमी आहे, आणि चित्र उजळ करतो. काळ्याचा करडा होतो. पांढऱ्या कापडाचं याच्या उलट होतं. तो चित्र दाबतो आणि पांढऱ्याचाही करडाच होतो.

दुसरी दुरुस्ती रंगाच्या समतोलाची. पिवळ्या दिव्याखाली काढलेले फोटो पिवळट दिसू नयेत म्हणून कॅमेरा उजेडाचा अंदाज घेतो आणि पिवळेपणा काढून टाकतो. या अंदाजाची सर्वांत साधी रीत अशी की दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी असणार, असं धरून चालायचं. आता त्याच्यासमोर फक्त पिवळा टीशर्ट आला तर? सरासरी पिवळी निघते, हा दोष दिव्याचा असेल असं कॅमेरा मानतो आणि टीशर्टचाच पिवळेपणा कमी करतो. ॲप ‘क्रीम’ किंवा ‘फिकट करडा’ म्हणतं. नवे फोन यापेक्षा हुशार अंदाज बांधतात, तरी एकाच रंगानं कॅमेऱ्याची सगळी चौकट भरून टाकली तर त्यांनाही कशाच्या आधारानं ठरवायचं ते कळत नाही.

यातून एक फार उपयोगाची युक्ती निघते आणि ती फारशी कुणी सांगत नाही. कापडाशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवायचा, असा की चौकटीच्या कडेला तो थोडासा येईल आणि मध्यभागी कापड राहील. बहुतेक ॲप्स मधल्याच भागाचा रंग सांगतात, त्यामुळे उत्तरात कागद मिसळत नाही. पण कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय हे समजायला खूण मिळते आणि दोन्ही दुरुस्त्या बऱ्याच ताळ्यावर येतात.

तीन आकड्यांचं नाव कसं होतं

तीन आकड्यांतून तब्बल १,६७,७७,२१६ वेगवेगळे रंग तयार होऊ शकतात. नावं मात्र मोजकीच. ॲपजवळ नावांची एक यादी असते आणि प्रत्येक नावासमोर ठरावीक तीन आकडे असतात. मोजलेले आकडे ज्याच्या सर्वांत जवळ, ते नाव ॲप बोलतं. अनेकदा ही यादी वेबपेजेससाठी ठरवलेल्या सुमारे १४० रंगनावांवरून घेतलेली असते. ‘स्लेट ग्रे’, ‘गेन्सबरो’, ‘बर्लीवुड’ अशी अपरिचित नावं ऐकू येतात ती तिथूनच. गेन्सबरो म्हणजे फिकट करडा आणि बर्लीवुड म्हणजे फिकट, वाळूसारखा तपकिरी.

आता नेव्ही ब्लूचंच उदाहरण घेऊ. वेबच्या यादीत नेव्हीचे आकडे आहेत ०, ०, १२८. पण खरं नेव्ही कापड याहून बरंच अंधारं असतं. समजा कॅमेऱ्यानं मोजलं २०, २५, ४५. काळा म्हणजे ०, ०, ०. काळ्यापासूनचा फरक साध्या बेरजेनं २० अधिक २५ अधिक ४५, म्हणजे ९०. नेव्हीपासूनचा फरक २० अधिक २५ अधिक ८३, म्हणजे १२८. ॲपला या दोघांतून निवडायचं असेल तर ते ‘काळा’ म्हणेल. मोजमाप बरोबर, हिशोबही बरोबर, आणि तरी उत्तर आपल्या कामाचं नाही. निळा आकडा बाकीच्या दोन्हींच्या जवळजवळ दुप्पट आहे, ही खरी बातमी, आणि नेमकी तीच नावात हरवली. म्हणून जे ॲप नावासोबत आकडेही वाचून दाखवतं, ते मला अधिक आवडतं. तिन्ही आकडे लहान आणि जवळपास सारखे असले तर काळा. तिन्ही लहान, पण निळा ठळकपणे मोठा असेल तर नेव्ही. पांढरा कागद शेजारी ठेवून आणि दिवसाच्या उजेडात मोजलं तर ही कसोटी बहुतेक वेळा उपयोगी पडते.

जन्मापासून अंध असलेल्या वाचकांसाठी आणखी थोडं. रंग सांगायला तीन प्रश्न पुरतात : रंग कोणता, तो किती भडक, आणि किती उजळ. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वर्तुळावरच्या अंशांत देतात. लाल ० अंशांवर, हिरवा १२० वर, निळा २४० वर, आणि ३६० ला पुन्हा लाल. भडकपणा कमी करत गेलं की कोणताही रंग करड्याकडे जातो. उजळपणा कमी करत गेलं की काळ्याकडे. तपकिरी म्हणजे मुळात अंधारलेला नारिंगी. काळ्या पँटवर पिवळा उजेड पडला, कॅमेऱ्यानं ती थोडी उजळ केली, की नारिंगीकडे झुकलेला अंधारा रंग तयार होतो आणि ॲप ‘तपकिरी’ म्हणतं. गुलाबी हा उजळ, फिकट लाल. हात हलला की ‘लाल’चं ‘गुलाबी’ का होतं ते यावरून लक्षात येईल : रंगाचा अंश तोच राहिला, कॅमेऱ्यात उजेड तेवढा वाढला.

प्रत्यक्ष वापरताना

उजेड आधी. दिवसा खिडकीजवळची जागा सर्वांत चांगली, मात्र थेट ऊन नको. उन्हात कापड चमकतं आणि फोनची गडद सावली पडते. उजेड आहे की नाही हेच कळत नसेल तर प्रकाश सांगणारी सोय वापरा. मायक्रोसॉफ्टच्या सीइंग एआयमध्ये ती आहे : जितका उजेड जास्त, तितका आवाजाचा सूर चढा. त्याच ॲपमध्ये रंग सांगणारी सोयही आहे. ते २०१७ मध्ये आयफोनवर आलं आणि २०२३ च्या डिसेंबरात अँड्रॉइडवर.

मग कोऱ्या पांढऱ्या कागदावर फोन धरून बघा. ॲप ‘पांढरा’ किंवा ‘फिकट करडा’ म्हणालं तर पुढे जायला हरकत नाही. ‘पिवळा’, ‘क्रीम’, ‘नारिंगी’ असं काही म्हणालं तर त्या जागेचा उजेड पिवळा आहे. तिथे मिळालेल्या कोणत्याही उत्तरावर विसंबू नका. जागा बदला किंवा फोनचा टॉर्च लावा. रात्री टॉर्चचा फायदा असा की तो रोज तसाच असतो. उत्तर थोडं चुकलं तरी रोज सारखंच चुकतं, आणि त्याचा अंदाज बसतो.

फोन कापडाला टेकवून सरळ वर उचला आणि साधारण वीतभर अंतरावर थांबा. टेकवलेल्या फोनच्या कॅमेऱ्यात अंधारच येतो, आणि फार लांब धरलेल्यात पलंग, भिंत, हात सगळं येतं. कापडावरच्या सुरकुत्या हातानं सारख्या करून घ्या, कारण प्रत्येक घडीच्या पोटात सावली असते. कॅमेऱ्याच्या काचेवर बोट किंवा कव्हरची कड नाही ना, हे चाचपून बघा. काच पुसून घ्यायलाही विसरू नका, बोटांचा तेलकटपणा रंग फिकट करतो.

पहिलंच उत्तर धरून बसू नका. ॲप सलग बोलत असेल तर पाच-सहा नावं ऐका आणि जे परत परत येतं ते घ्या. ‘स्लेट ग्रे’, ‘करडा’, ‘निळसर करडा’ असं आलटून पालटून येत असेल तर तो रंग या नावांच्या सीमेवर आहे, एवढं समजावं.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. ‘हा कोणता रंग’ यापेक्षा ‘हे दोन सारखे आहेत का’ या प्रश्नाचं उत्तर ॲप कितीतरी चांगलं देतं. मोज्यांची जोडी जुळवायची असेल तर दोन्ही मोजे एकाच जागी, एकाच उजेडात, त्याच अंतरावरून आळीपाळीनं मोजा. उजेड पिवळा असला तर दोन्हींसाठी तो तितकाच पिवळा असतो, त्यामुळे चूक दोन्हीकडे सारखी होते आणि फरक तेवढा खरा उरतो. सकाळी मोजलेला मोजा आणि रात्री मोजलेला मोजा यांची नावं जुळवून मात्र काही कळणार नाही.

रेघा, चौकटी, फुलं असलेल्या कापडावर ही ॲप्स हमखास गडबडतात. मधल्या भागातल्या बिंदूंची सरासरी काढणारं ॲप लाल-पांढऱ्या बारीक रेघांना सरळ ‘गुलाबी’ म्हणतं, आणि गुलाबी धागा तर त्या कापडात एकही नसतो. फोन जवळ आणून कापडावरून अगदी सावकाश सरकवला आणि ‘लाल, पांढरा, लाल, पांढरा’ असं ऐकू आलं तर नक्षी ओळखावी. मखमल आणि रेशीम वेगवेगळ्या कोनांतून वेगळाच उजळपणा दाखवतात, म्हणून तिथे फोन थोडा तिरका करून दोन-तीनदा विचारावं. चमकदार पृष्ठभागावरून दिव्याचाच रंग परत येतो.

दुसरे पर्याय

स्मार्टफोनच्या आधीही रंग बोलून दाखवणारी छोटी यंत्रं होती आणि आजही मिळतात. ती थेट कापडावर टेकवायची असतात. त्यांच्यात स्वतःचा दिवा असतो आणि बाहेरचा उजेड आत येत नाही. म्हणजे गुणाकारातली एक संख्या कायमची ठरलेली. ज्यांना रोज ढीगभर कपडे वेगळे करायचे असतात, त्यांच्यासाठी असं यंत्र फोनपेक्षा सरस आहे, असं माझं मत आहे.

एआयकडून फोटोचं वर्णन करून घेणं ही तिसरी वाट. ते रंगासोबत नक्षी, कॉलर, बटणं, डागसुद्धा सांगतं, आणि आजूबाजूचं दृश्य बघून उजेडाचाही अंदाज घेतं. म्हणून रेघा-चौकटींसाठी ते उत्तम. पण ते चुकतं तेव्हाही तितक्याच ठामपणे बोलतं, आणि ‘हा शर्ट निळा आहे ना?’ असं विचारलं तर होकाराकडे झुकू शकतं. त्याऐवजी ‘या शर्टचे रंग आणि नक्षी सांग’ असं मोकळं विचारावं. फोटो सहसा इंटरनेटवरून दुसरीकडे जातो हेही ध्यानात असू द्या. नुसता रंग मोजणाऱ्या ॲपला बहुधा इंटरनेट लागत नाही. आणि प्रसंग महत्त्वाचा असेल, मुलाखत, समारंभ, तर माणसाला विचारण्यात कमीपणा नाही. डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं बी माय आइज २०१५ पासून व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवक जोडून देतं. २०२३ पासून त्यात एआयची सोयही आहे.

विजेच्या तारा, गोळ्या-औषधं आणि रंग बदलून निदान सांगणाऱ्या चाचणीच्या पट्ट्या यांसाठी रंगाचं ॲप वापरू नका. तिथे दोन जवळच्या छटांमधला फरकच निर्णायक असतो, आणि उजेडाच्या खेळात सर्वांत आधी हरवतो तोही तोच. चार्जर किंवा राउटरवरचा छोटा दिवा लाल आहे की हिरवा, हे मात्र विचारता येतं, फक्त थोड्या युक्तीनं. दिव्यावर थेट कॅमेरा धरला तर उजेड इतका होतो की तिन्ही आकडे २५५ पर्यंत जातात आणि ॲप ‘पांढरा’ म्हणतं. दिव्यावर पातळ पांढरा कागद धरा आणि त्या कागदाचा रंग विचारा. खोलीतला उजेड कमी ठेवलात तर उत्तर अनेकदा बरोबर मिळतं.

एवढी खटपट रोज सकाळी करायची नसते. नवा कपडा आला की एकदाच, चांगल्या उजेडात, शक्य तर ॲप आणि माणूस दोघांनाही विचारून रंग पक्का करावा आणि लगेच खूण करावी. शिवून टाकायच्या ब्रेल पट्ट्या मिळतात. त्या नसतील तर आतल्या शिवणीवर एक गाठ म्हणजे काळा, दोन म्हणजे निळा, तीन म्हणजे पांढरा, अशी आपली भाषा ठरवता येते. एनएफसी बटणं म्हणजे आत छोटी चिप असलेली, फोन जवळ नेला की वाचता येणारी बटणं. त्यांतल्या धुतल्या जाणाऱ्या बटणांना फोन लावला की आपणच नोंदवलेलं नाव फोन वाचतो आणि त्यात ‘नेव्ही, बारीक पांढऱ्या रेघा, करड्या पँटवर जातो’ एवढं सगळं मावतं. मोजे धुवायला टाकण्याआधी जोडी सेफ्टी पिनेनं एकत्र अडकवून टाकली की त्यांचा रंग पुन्हा विचारावाच लागत नाही.